कॉलेजात रायटिंग ट्यूटर म्हणून बसताना: काय करायचं, काय टाळायचं (सोलापूर)

सातरस्ता

विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना लिखाणात मदत करायची, त्यासाठी ग्रंथालयात एक टेबल आणि ठरलेली वेळ, असा उपक्रम ज्यांना आपल्या कॉलेजात सुरू करायचाय किंवा ज्यांना त्या टेबलावर बसायला सांगितलंय, त्यांच्यासाठी हा धागा. स्वतःची कौतुकं नकोत, कामाचं लिहा. सुरुवात मी करतो.

एक बैठक अर्ध्या तासाची धरा. पाऊण तासाच्या पुढे समोरचा नुसता मान हलवतो, डोक्यात काही जात नाही.

पहिली पाच मिनिटं लेख उघडायचाच नाही. आधी प्रश्न बघायचा, शब्दशः. सोलापुरात काय किंवा कुठेही काय, असाइनमेंटचा प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत येतो आणि वाटेत अर्धा गळतो. 'चिकित्सा करा'चं 'माहिती लिहा' होतं आणि पोरगं पाच पानं माहिती लिहून मोकळं होतं. मूळ मेसेज किंवा फळ्याचा फोटो शोधायला लावा. मग तारीख, पानांची मर्यादा, आणि 'तुला स्वतःला कुठं अडल्यासारखं वाटतंय?' हा प्रश्न. याचं उत्तर बहुतेक वेळा 'सगळंच' असं येतं. तेव्हा 'यातला कुठला परिच्छेद सगळ्यात आधी काढून टाकशील?' असं विचारा. बोट लगेच जागेवर जातं.

मग वाचन. मोठ्यानं, आणि लिहिणाऱ्यानंच. सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे सहाशे शब्दांच्या लेखाला पाच-सहा मिनिटं. पेन त्याच्याच हातात. अडखळला की तिथं फुली मारायची आणि पुढं जायचं. ट्यूटरनं मध्ये तोंड घालू नये. फुल्या साधारण तीन कारणांनी पडतात: वाक्य लांबलंय, कर्ता एक आणि क्रियापद भलत्याचंच, किंवा ते वाक्य मुळात त्याचं नाहीच.

उरलेल्या वेळात दोनच गोष्टी हाती घ्या. आधी विचारलेल्याचं उत्तर दिलंय का ते बघा, मग म्हणण्याला आधार आहे का, मग परिच्छेदांचा क्रम. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. जो परिच्छेद उद्या उडणार आहे त्यातल्या वेलांट्या आज सुधारून काय उपयोग?

शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा. पुढं काय करणार ते विद्यार्थ्यानं स्वतःच्या अक्षरात तीन ओळींत लिहायचं आणि कागद घेऊन जायचं.

शेजारी बसा, समोर नको. समोर बसलं की तोंडी परीक्षा सुरू झाल्यासारखं वाटतं. आणि गुण किती पडतील हे कितीही विचारलं तरी सांगू नका.

शेंगाचटणी

हे सगळं वाचायला छान आहे हो. पण उद्या सबमिशन आणि आज दुपारी तीनला पोरगी वही घेऊन उभी राहिली तर? तिला 'म्हणण्याला आधार' नकोय, तिला लाल पेन पाहिजे.

सातरस्ता

@शेंगाचटणी, तेव्हा क्रम बदलतो, पेन नाही. रचना पाडून परत बांधायला वेळ नसेल तर तीनच ठिकाणं बघा: पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य. तपासणारे घाईत हेच वाचतात. चुकांपैकी सगळ्यात जास्त वेळा आलेला एक प्रकार निवडा, पहिली दोन उदाहरणं दोघांनी मिळून दुरुस्त करा, बाकीची तिला पुढच्या पानावर शोधू द्या. तिला पाच-सहा सापडतात. सगळ्या सापडत नाहीत, हे मान्य. पण तुम्ही लाल पेन घेऊन बसलात तर पुढच्या आठवड्यात तीच वही, त्याच चुका, आणि टेबलापुढं रांग दुप्पट.

नान्नजचा माळढोक

रचनेसाठी सगळ्यात हुकमी युक्ती म्हणजे उलटी रूपरेषा. लिहून झालेल्या लेखाच्या समासात प्रत्येक परिच्छेदासमोर त्यातला मुद्दा सहा-सात शब्दांत लिहायचा. विद्यार्थ्यानं लिहायचा, ट्यूटरनं नव्हे. मग लेख झाकायचा आणि फक्त समास वरून खाली वाचायचा.

समजा यंत्रमागावरचा फील्ड प्रोजेक्ट आहे. समासात असं उतरतं: सोलापूरची ओळख, चादरीचा इतिहास, चादरीला जीआय (भौगोलिक) मानांकन, कामगारांना पाठदुखी, टेरी टॉवेलची निर्यात, पुन्हा कामगार, पगार, चादर जगप्रसिद्ध, निष्कर्ष. शीर्षक मात्र 'यंत्रमाग कामगारांच्या आरोग्याच्या समस्या'. नऊपैकी दोनच परिच्छेद शीर्षकाचे, आणि तेही एकमेकांपासून लांब. हे बोलून दाखवावं लागत नाही, समास वाचतानाच पोराच्या चेहऱ्यावर दिसतं.

मग प्रश्न विचारायचे. चादरीचा इतिहास कशासाठी? काढला तर काय बिघडेल? (काहीच नाही.) पाठदुखी किती जणांना, विचारलेल्या किती जणांपैकी? ते उभं राहून काम करतात का, पाळी किती तासांची, आवाजाचं काय, कानाबद्दल कुणाला विचारलं का, सुताच्या कसपटाचा खोकला? या प्रश्नांची उत्तरं बहुतेकदा त्याच्या वहीत असतात, लेखात उतरलेली नसतात. कारण 'प्रोजेक्ट म्हणजे पुस्तकी माहिती' हे डोक्यात पक्कं बसलेलं. स्वतः यंत्रमाग असलेल्या पूर्व भागात चार दिवस फिरून आणलेली माहिती त्याला लिहिण्याच्या लायकीची वाटत नाही, आणि इंटरनेटवरची 'सोलापूर हे ऐतिहासिक शहर आहे' ही ओळ वाटते. ट्यूटरचं निम्मं काम इथंच आहे.

'जगप्रसिद्ध', 'अनन्यसाधारण', 'मोलाचा वाटा' हे शब्द दिसले की तिथं 'कशावरून?' एवढंच पेन्सिलीनं लिहायला लावा.

एक सावधगिरी: समासातले मुद्दे 'प्रस्तावना', 'माहिती', 'विस्तार' असे आले तर युक्ती फसली. परिच्छेद काय *आहे* ते नको, काय *म्हणतो* ते पाहिजे. 'कामगार' नव्हे, 'बारा तासांच्या पाळीनंतर पाठ दुखते'.

हातमाग

आपल्या गावाची खरी गंमत भाषेत आहे, आणि बाहेरून आलेल्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये हे शिकवत नाहीत. एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू घरातली पोरं असतात. चुका सगळ्यांच्या सारख्या नसतात, म्हणून उपायही सारखा नको.

१. 'मी सर्वेक्षण केलो', 'आम्ही माहिती गोळा केलो'. हे सोलापुरात मराठी घरांतही सर्रास चालतं. कन्नड-तेलुगूत भूतकाळातही क्रियापद कर्त्याच्याच मागं जातं, त्यामुळं तिथल्या पोरांना यात काही चुकलंय असं वाटतच नाही. प्रमाण लेखनात इथं क्रियापद कर्माप्रमाणं: माहिती गोळा केली, सर्वेक्षण केलं, प्रश्न विचारले. पण 'केलो दिसलं की खोडा' असा सरसकट नियम देऊ नका. मी गेलो, बोललो, जेवलो, शिकलो, विसरलो हे बरोबरच आहे. 'मी कविता शिकलो' यात कर्म असूनही क्रियापद कर्त्याबरोबर जातं. नियम अर्धवट सांगितला की पोरं 'मी शिकले' (मुलगा असून!) लिहून आणतात.

२. लिंग. कन्नडमध्ये माणसं सोडली तर बाकी वस्तू नपुंसकात जमा होतात. तेलुगूची मांडणी वेगळी, पण वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग तिथंही नाही. मराठीत तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल, आणि याला तर्क विचारू नये. पाठ करण्यापेक्षा लेखात वारंवार येणारी दहा नामं काढायची, प्रत्येकासमोर तो/ती/ते लिहायचं आणि ती चिठ्ठी समोर ठेवून लेख तपासायचा. यंत्रमागाच्या प्रोजेक्टला: तो माग, ती गिरणी, ते सूत, ती मजुरी, तो धागा, ते कापड. पुढच्या लेखाला नवी चिठ्ठी.

३. ण-न आणि ळ-ल. उर्दू लिपीत ण आणि ळ यांना स्वतंत्र अक्षरं नाहीत, त्यामुळं उर्दू माध्यमातून आलेल्यांचं 'पानी', 'शाला', 'बाल' होतं. कन्नड आणि तेलुगूत दोन्ही अक्षरं आहेत, ती पोरं इथं सहसा अडत नाहीत. ती अडतात ख-घ-भ-ध वर, कारण बोलताना तो हकार गळतो. म्हणजे उच्चार करून दाखवण्याचा उपाय एकाला चालतो, दुसऱ्याला नाही.

४. अनुस्वार. हा सगळ्यांचाच. 'कामगाराचे प्रश्न' म्हणजे एका कामगाराचे, 'कामगारांचे' म्हणजे अनेकांचे. अर्थ बदलतो, म्हणून हा शुद्धलेखनाचा नखरा समजू नका. आदरार्थीही तसंच: सरांनी, मुख्यमंत्र्यांनी.

५. वीज पण विजेचा, सूत पण सुताचा, गरीब पण गरिबांना. शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी किंवा उकार दीर्घ असेल तर विभक्ती लागताना तो ऱ्हस्व होतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत: शरीर, शरीराला. आणि जोडशब्दात पहिलं पद तसंच राहतं: वीजबिल, सूतगिरणी. 'महत्त्व', 'तत्त्व', 'व्यक्तिमत्त्व' यांत दोन त. 'की' कायम दीर्घ, 'आणि' कायम ऱ्हस्व. एवढं एका कागदावर छापून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवा, रोजचं अर्धं बोलणं वाचेल.

अक्कलकोट पॅसेंजर

@हातमाग, माहिती नंबर एक, पण पहिल्या मुद्द्यावर भांडण आहे. 'मी केलो' ही चूक नव्हे, ती इथली बोली आहे. ट्यूटरनं 'चूक' म्हटलं की पोराला वाटतं, आपल्या आईचं बोलणंच चुकीचं. मग ते टेबलाकडं परत फिरकत नाही.

हातमाग

पटलं. शब्द बदलतो: 'बोलताना चालतंय, प्रोजेक्टात असं लिहितात' एवढंच म्हणायचं. आणि एक जागा अशी आहे जिथं बोलीला हात लावायचाच नाही: मुलाखतीतलं अवतरण. विडी कामगार बाई 'दिसभर विड्या वळून मान धरती बघा' म्हणाली असेल, तर अवतरणचिन्हात ते तसंच. पोरं ते घासूनपुसून 'दिवसभर विड्या वळल्यामुळे मानेस त्रास होतो' करून टाकतात आणि प्रोजेक्टमधला एकमेव जिवंत पुरावा मारतात. बाई तेलुगूत बोलली असेल तर तसं कंसात लिहायचं आणि अनुवाद कुणी केला तेही.

शेंगाचटणी

इंग्रजी लिखाणाचं कुणी बोलेना! निम्मी गर्दी तीच असते.

हातमाग

थोडक्यात. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींत 'अ', 'अॅन', 'द' नाहीत, म्हणून ती सगळ्यांचीच गळतात. सगळी भरायला बसू नका. नाम मोजता येण्यासारखं आणि एकवचनी असेल तर समोर काहीतरी हवंच, इतका एक नियम देऊन एक पान तपासायला लावा. दुसरं, 'डिस्कस अबाउट' आणि 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स' छाप रचना. यांची यादी करून ठेवली तर तीच तीच पुन्हा भेटते. प्रॅक्टिकलच्या अहवालात केलेली कृती भूतकाळात. जर्नलात मॅन्युअलमधली आज्ञार्थी वाक्यं, 'टेक टेन एमएल', जशीच्या तशी उतरतात.

पार्कचौक

'सर, प्लॅगॅरिझम (दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देणं) किती टक्के चालतं?' हा प्रश्न प्रत्येक टेबलावर येतो. म्हणून नीट लिहितो.

यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ ची नियमावली प्रबंध-प्रबंधिकांना टक्क्यांच्या पायऱ्या लावते. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० ला सुधारित प्रत सादर करायला एक वर्ष बंदी. ६० च्या वर नोंदणी रद्द. अवतरणचिन्हात, संदर्भ देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळायचं असतं. चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही. बीएच्या वर्गातल्या असाइनमेंटला या पायऱ्या आपोआप लागू होत नाहीत, तिथं शिक्षक सांगतील तो नियम. आणि साम्याचा टक्का म्हणजे चोरीचा टक्का नव्हे. ८ टक्क्यांतही एक अख्खा परिच्छेद ढापलेला असू शकतो.

मराठीत आणखी एक भानगड. डीटीपीवाल्यानं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टात टाइप केलं असेल तर आतली अक्षरं मुळात रोमनच्या जागांवर बसलेली असतात. तपासणीच्या सॉफ्टवेअरला ती निरर्थक अक्षरं वाटतात आणि साम्य शून्याच्या आसपास येतं. पोरगं खूश. तीच फाईल विद्यापीठात युनिकोडमध्ये मागितली की रडारड. आधीच युनिकोडमध्ये टाइप करून घ्या आणि पीडीएफबरोबर वर्डची फाईलही मागा. ओळखायची सोपी खूण: एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. देवनागरी दिसली तर युनिकोड, चित्रविचित्र रोमन अक्षरं दिसली तर जुना फॉण्ट.

हाताने लिहिलेलं टाइप करायला दिलं असेल तर आकडे, नावं आणि तक्ते मूळ वहीशी वेगळे ताडून बघायला सांगा. मजकूर वाचताना आकड्यांवरून डोळा घसरतो. आणि हे स्पायरल बाइंडिंगच्या आधी. त्यानंतर कुणी पान बदलत नाही.

शेंगाचटणी

आणि चॅटजीपीटी? 'याचा अभ्यास करणे अत्यंत महत्त्वाचे ठरते' छाप पानं घेऊन येतात. पकडायचं का?

रेघोट्या

ट्यूटर म्हणजे पोलीस नव्हे. पण जे त्याचं नाही त्यावर अर्धा तास घालवायचीही गरज नाही. लेख पालथा ठेवा आणि म्हणा, 'तीन वाक्यांत सांग, तुझं म्हणणं काय?' सांगता आलं तर ती तीन वाक्यं कागदावर उतरवून घ्या आणि तिथून नव्यानं सुरुवात करा. नाही आलं तर बैठक वाचनाची होते, लेखनाची नाही: विषयावरचा एक खरा लेख काढा, एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहा, मग उघडून ताडा. शब्द बदलले पण वाक्याचा सांगाडा तोच राहिला, तर ते अजून कॉपीच आहे.

संदर्भ मात्र तपासायलाच लावा. यंत्र लेखाचं नाव, नियतकालिक, पृष्ठक्रमांक सगळं बेमालूम रचून देतं. लेखाचं नाव अवतरणचिन्हात टाकून शोधायचं, डीओआय (लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर उघडून बघायचा, ग्रंथालयात पुस्तक असेल तर ते पान काढायचं. नाही सापडलं तर संदर्भही जातो आणि त्यावर उभं असलेलं वाक्यही.

तारखांना तर हे फार लागू. सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर दरवर्षी निबंध येतात आणि त्यांत '१९३० साली फाशी' हमखास असतं. सोलापुरातला मार्शल लॉ (लष्करी कायदा) मे १९३० मधला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली ती १२ जानेवारी १९३१ ला. दोन घटना एका वाक्यात कोंबल्या की वर्ष सरकतं. इथं ट्यूटरनं बरोबर तारीख सांगून टाकायची नाही. 'ही दोन्ही एकाच वर्षी झाली का, कुठं बघशील?' असं विचारायचं. हुतात्मा चौक रोज ओलांडणाऱ्या पोरांना हे स्वतः शोधायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

ब्लॅकबुक

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी पुरवणी. ऐंशी पानांचं ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधीव रिपोर्ट) घेऊन येतात आणि 'जरा बघून घे' म्हणतात. स्पष्ट सांगा, एका बैठकीत एक प्रकरण, तेही आधी 'निष्कर्ष' आणि मग 'उद्दिष्टं'. दोन्ही शेजारी ठेवा: उद्दिष्टं पाच असतील तर निष्कर्षात पाचांची उत्तरं पाहिजेत. इथं गळती सापडतेच. आकृत्यांचे क्रमांक आणि मजकुरातले त्यांचे उल्लेख शेवटी एकदा वेगळे जुळवा. चौघांनी मिळून लिहिलेल्या रिपोर्टात 'आकृती ३.२' दोनदा असते. चौघांची भाषा वेगळी पडली असेल तर एकानंच शेवटचा हात फिरवायचा, कुणी ते त्यांनी ठरवायचं.

अक्कलकोट पॅसेंजर

मित्रांचं काय करायचं? 'तू लिहूनच दे की बे, चहा पाजतो' हे रोजचं असतं. ज्युनियर पोरं तर 'दादा, अक्का, प्लीज' करतात, नाही म्हणायला जड जातं.

सातरस्ता

जवळच्या मित्राची बैठक दुसऱ्या ट्यूटरकडं लावायची, हा नियम पहिल्या दिवसापासून भिंतीवर. बाकीच्यांना एकच वाक्य: 'लिहून देत नाही, पण तू लिहीपर्यंत शेजारी बसतो.' पैसे, चहा, रिचार्ज काहीही घ्यायचं नाही. ऑनलाइन बघायचं असेल तर गुगल डॉक्समध्ये फक्त कॉमेंटची परवानगी घ्या, एडिटची नाही. हात आपोआप बांधले जातात.

पार्कचौक

विद्यार्थी-ट्यूटरचा हा प्रकार अमेरिकेत का रुजला ते इथं लागू पडतं म्हणून सांगतो. न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठानं १९७० मध्ये प्रवेश खुले केले, घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं मोठ्या संख्येनं आली. शिक्षकांनी देऊ केलेली मदत ती घेईनात. ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रुफी यांनी मग विद्यार्थ्यांनाच ट्यूटर केलं. आपल्याकडं मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटहून एसटीनं येणारी पोरं सरांच्या केबिनबाहेर घुटमळून परत जातात, ते हेच. म्हणून ट्यूटर निवडताना वर्गातला पहिला नंबर बघू नका. ज्याला गप्प बसून ऐकता येतं तो घ्या, आणि दुसऱ्या वर्षाचा घ्या. तिसऱ्या वर्षाचा शिकून तयार होईपर्यंत कॉलेज सोडतो.

सातरस्ता

व्यवस्थेचं राहिलं होतं, ते लिहून टाकतो. चार-पाच ट्यूटर आणि एक समन्वयक शिक्षक पुरतात, पण समन्वयक त्याच विषयाचे पेपर तपासणारे नकोत. वेळ बारा ते दोन ठेवा. चारनंतर ठेवली तर गावाकडची पोरं बस पकडायच्या नादात येत नाहीत. नव्या ट्यूटरनं आधी दोन-तीन बैठका नुसत्या बघायच्या. रजिस्टरमध्ये पाचच रकाने: तारीख, वर्ग, कुठल्या प्रकारचं लेखन, काय हाती घेतलं, पुढं काय ठरलं. नाव वेगळ्या चिठ्ठीवर, म्हणजे रजिस्टर कुणी चाळलं तरी 'हा कच्चा आहे' अशी चर्चा होत नाही. मानधनासाठी 'कमवा आणि शिका'मध्ये ग्रंथालयातलं काम म्हणून बसतं का ते तुमच्या कॉलेजच्या योजनाप्रमुखांना विचारा. बसलं तर तासांचा हजेरीपट रोजच्या रोज सहीनिशी ठेवा, महिनाअखेरीला आठवून भरलेला पट ऑफिसातून परत येतो.

शेंगाचटणी

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत टेबल ओस पडतं आणि नंतरच्या आठवड्यात दाराबाहेर रांग, त्याचं काय?

सातरस्ता

तेव्हा एकेकट्याच्या बैठका बंद. एकाच असाइनमेंटची सहा पोरं एका टेबलावर, प्रत्येकानं शेजाऱ्याच्या लेखाची उलटी रूपरेषा काढायची, ट्यूटर फिरता. तासाभरात सहा लेख होतात. फक्त शेजारी-शेजारी बसलेल्यांचे विषय वेगळे आहेत ना ते बघून घ्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत सहाही निष्कर्ष एकसारखे होतील.